गिएर्मो देल तोरो: स्पॅनिशमधला खरा, की इंग्रजीतलाही तितकाच खरा?

रातवा (धागाकर्ता)

'फ्रँकेनस्टाइन' (2025) पाहिला आणि लगेच मेक्सिकन दिग्दर्शक देल तोरोचे जुने सिनेमे पुन्हा काढून बसलो. 'क्रोनोस' (1993), 'द डेव्हिल्स बॅकबोन' (2001) आणि 'पॅन्स लॅबिरिंथ' (2006) हे स्पॅनिशमधले. मग इंग्रजीतले 'मिमिक', 'ब्लेड 2', दोन 'हेलबॉय', 'पॅसिफिक रिम', 'क्रिम्सन पीक', 'द शेप ऑफ वॉटर', 'नाइटमेअर अ‍ॅली' आणि 'पिनोकिओ'.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना सोपं जाईल. देल तोरो स्पॅनिशमध्ये काम करतो तेव्हा कवी असतो. इंग्रजीत तो फार मोठा कारागीर असतो. कारागिरीला मी अजिबात कमी लेखत नाही, पण कवी तो कवीच.

'क्रोनोस'मधला प्रसाधनगृहातला प्रसंग आठवा. नववर्षाची पार्टी चालू आहे. हेसूस ग्रिस हा जुन्या वस्तूंचा दुकानदार, सोनेरी यंत्राच्या नादाने तरुण होत चाललेला आणि रक्ताची तहान लागलेला. एका पाहुण्याचा घोळणा फुटतो. ग्रिस त्याच्या मागे आत जातो, तर बेसिनवरचं रक्त पुसलं जातं. आता काय? खाली पांढऱ्याशुभ्र फरशीवर एवढासा डाग उरलेला असतो. सूट घातलेला हा सभ्य आजोबा फरशीवर पालथा पडतो आणि जीभ लावतो. संगीताचा दणका नाही, सुळे नाहीत, वटवाघळं नाहीत. पोटात कालवतं आणि त्याच क्षणी त्याची दया येते.

असा प्रसंग मला त्याच्या इंग्रजी सिनेमांत सापडला नाही. तुम्हाला सापडला असेल तर सांगा. रसभंग होणारच आहे, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी जपून वाचा.

मितभाषी

'द शेप ऑफ वॉटर'. विषय संपला.

चष्मिष्ट

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत लिहितो, 'मिमिक'बद्दल बोलल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

हातमाग

रातवा, धागा झकास. पण कवी आणि कारागीर अशी फाळणी मला पटत नाही, कारण देल तोरोच्या बाबतीत कविता हातातून येते. दिग्दर्शक होण्याआधी तो रंगभूषेचं काम करायचा. 'द एक्झॉर्सिस्ट'ची रंगभूषा करणाऱ्या डिक स्मिथकडे तो शिकला. मेक्सिकोत परत येऊन त्याने 'नेक्रोपिया' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि दहाएक वर्षं इतरांच्या सिनेमांसाठी जखमा, मुखवटे, भुतं बनवली. म्हणजे राक्षस कागदावर सुचण्याआधी रबर कसं ताणतं, ते कुठे फाटतं हे त्याला ठाऊक होतं.

'डेव्हिल्स बॅकबोन'मधला सांती बघा. त्या मुलाच्या डोक्याला खोक पडलेली आहे आणि तिच्यातून रक्त वर जातं. वर! धुरासारखं तरंगत. कारण तो पाण्याच्या टाकीत बुडून मेलाय, त्यामुळे भूत म्हणून कोरड्या खोलीत उभा असला तरी त्याच्याभोवती अजून ते पाणीच आहे. त्वचा चिनी मातीच्या भेगाळलेल्या बाहुलीसारखी. एका शब्दाविना त्याचं मरण कसं झालं ते कळतं. आता सांगा, ही कविता की कारागिरी?

आणि त्याचे राक्षस रंगवणाऱ्या डग जोन्स या नटाला विसरू नका. 'पॅन्स लॅबिरिंथ'मध्ये फॉन (शिंगांचा वनदेव) आणि पेल मॅन हे दोन्ही प्राणी तोच. पेल मॅनच्या चेहऱ्याला डोळेच नाहीत, त्यामुळे बिचारा नाकपुड्यांच्या भोकांतून बघत चालायचा. फॉनच्या मुखवट्यातल्या मोटारींचा आवाज इतका की समोरच्या मुलीचे संवाद ऐकू येत नसत. स्पॅनिश येत नसताना स्वतःचे आणि तिचेही संवाद त्याने पाठ केले. शेवटी आवाज दुसऱ्याचा वापरला तो भाग वेगळा.

गोधडी

मी जरा विरुद्ध सूर लावते. मला देल तोरोचे राक्षस आवडतात, माणसं आवडत नाहीत. राक्षसांवर तो इतका जीव लावतो की माणसांसाठी काही उरत नाही. 'क्रिम्सन पीक' (2015) घ्या. अ‍ॅलरडेल हॉल हे अख्खं घर टोरोंटोत मजल्यांसकट खरंखुरं उभारलं होतं. छपराला भगदाड, त्यातून दिवाणखान्यात बर्फ पडतंय, फरशीतून लाल माती वर येतेय. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण गोष्ट? पहिल्या अर्ध्या तासात कोण काय करणार ते मला कळलं होतं. घराला जितक्या खोल्या दिल्या तितक्या नायिकेच्या नवऱ्याच्या मनाला दिल्या असत्या तर!

पारवा

गोधडीताई, 'क्रिम्सन पीक'बद्दल बऱ्यापैकी सहमत. पण माणसांना काही उरत नाही हे 'पॅन्स लॅबिरिंथ'ला लावून बघा, टिकत नाही.

पेल मॅनचा प्रसंग सगळ्यांना आठवतो: लांबलचक टेबल, भरगच्च मेजवानी, टोकाला निपचित बसलेला तो लोंबत्या कातडीचा प्राणी, मागे धगधगतं शेकोटीघर, समोर बशीत डोळे. नायिका ओफेलिया ही छोटी मुलगी दोन द्राक्षं खाते आणि तो डोळे तळहातात बसवून उठतो. सिनेमा सुरू असताना शेजारी बसलेला भयकथाकार स्टीफन किंग या प्रसंगाला चुळबुळत होता, असं देल तोरोने मुलाखतींत सांगितलंय.

आता त्याच सिनेमातली ओफेलियाच्या सावत्र बापाची, कॅप्टन विदालची मेजवानी बघा. तसंच लांब टेबल, टोकाला तो, मागे तशीच आग. आणि तिथे बसून तो काय ठरवतो? गावकऱ्यांना शिधापत्रिकेवर किती धान्य द्यायचं. 1944 सालचा स्पेन, यादवी संपून हुकूमशहा फ्रँकोची राजवट बसलेली, लोक उपाशी, आणि पाहुण्यांपुढे ताटं भरलेली. पेल मॅनच्या दालनात कोपऱ्यात मुलांच्या बुटांचा ढीग आहे. म्हणजे दोन दालनं एकच आहेत. मुलगी ज्या घरात राहते तेच तिला जमिनीखाली भेटतं. विदालचा राक्षस करताना देल तोरोने मुखवटा वापरला नाही, एक वस्तरा, एक फुटक्या काचेचं घड्याळ आणि चकचकीत बूट एवढंच दिलं. मला तर सिनेमातला सगळ्यात बारकाईने घडवलेला प्राणी तोच वाटतो.

बोकोबा

या माणसाच्या सिनेमात किडा दिसला नाही तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागावेत. 'क्रोनोस'मध्ये यंत्राच्या पोटात किडा, 'मिमिक'मध्ये माणसाचं सोंग घेणारे किडे, 'पॅन्स लॅबिरिंथ'मध्ये किड्याची परी होते, 'पिनोकिओ'त तर गोष्ट सांगतो तोच क्रिकेट, म्हणजे रातकिडा!

गोधडी

हाहा बोकोबा, हे खरंय.

पारवा, दोन टेबलांचं माझ्या लक्षात होतं, पण शिधापत्रिकेशी तुम्ही जे जोडलंत ते आवडलं. तरी माझा आक्षेप थोडा सरकवते. 'डेव्हिल्स बॅकबोन'चा हासिंतो, विदाल, 'शेप ऑफ वॉटर'चा स्ट्रिकलंड ही एकाच साच्यातली माणसं आहेत. नीटनेटकी, देखणी, स्वतःच्या पुरुषार्थावर खूश आणि आतून सडकी. स्ट्रिकलंडची तर तुटून पुन्हा जोडलेली बोटं खरोखरच सडतात! साचा उत्तम आहे म्हणून किती वेळा वापरायचा?

चष्मिष्ट

रुमाल उचलतो. जरा लांबण लागेल.

रातवाच्या प्रश्नात भाषा मध्यभागी आहे. मला वाटतं भाषा हा परिणाम आहे, कारण वेगळंच आहे. घटनाक्रम बघा.

'क्रोनोस' 1993 मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये गेला, बक्षीस मिळालं, हॉलिवूडने हाक मारली. मिरामॅक्सच्या डायमेन्शन शाखेसाठी 'मिमिक' (1997) सुरू झाला आणि मिरामॅक्स चालवणाऱ्या वाइनस्टाइन बंधूंनी त्याला सळो की पळो करून सोडलं. रोजच्या रोज चित्रित भागावर हरकती, पटकथेत ढवळाढवळ. त्याला काढून टाकायचंही घाटत होतं, तेव्हा नायिका मिरा सोरविनो त्याच्या बाजूने उभी राहिली. शेवटी जो सिनेमा लागला तो त्याचा नव्हताच. त्यातल्या त्यात जवळ जाणारी आवृत्ती 2011 मध्ये आली. ती बघा, पहिल्या तासात जुन्या चर्चच्या आसपास जे वातावरण आहे ते अस्सल आहे.

त्याच सुमारास मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात त्याच्या वडिलांचं अपहरण झालं. 72 दिवस ते ओलीस होते. वाटाघाटी करणाऱ्या तज्ज्ञाचे पैसे भरायला दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन मदतीला धावला. वडील सुखरूप सुटले, पण या प्रकारानंतर देल तोरोने कुटुंबासह मेक्सिको सोडलं. एकीकडे धंद्याने त्याचा सिनेमा हिसकावला आणि दुसरीकडे घर सुटलं.

त्यानंतरचा सिनेमा 'डेव्हिल्स बॅकबोन'. निर्माता स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो अल्मोदोवार, आणि त्याने देल तोरोला पूर्ण मोकळीक दिली. ही पटकथा देल तोरोकडे विद्यार्थिदशेपासून पडून होती, मुळात ती मेक्सिकन क्रांतीच्या काळात घडायची, पुढे ती स्पॅनिश यादवीत नेली. अनाथाश्रमाच्या अंगणात न फुटलेला बॉम्ब उभा रुतलेला आहे, मुलं त्याच्याभोवती खेळतात, कान लावून त्याची टिकटिक ऐकतात. ज्याच्या स्वतःच्या घरावर नुकतीच अशी धास्ती बसलेली होती त्यानेच हे काढलंय हे लक्षात ठेवून तो बघा.

म्हणून माझं म्हणणं: स्पॅनिश सिनेमे सच्चे वाटतात कारण तिथे शेवटचा शब्द त्याचा होता. 'पॅन्स लॅबिरिंथ'साठी तर त्याने स्वतःचं मानधन सोडलं.

रातवा

चष्मिष्ट, रुमाल टाकल्याचं सार्थक झालं.

पण मग तुमचं आणि माझं एकच म्हणणं झालं ना? इंग्रजीत गेला की पैसा मोठा, पैसा मोठा की मालक मोठे. 'पॅसिफिक रिम' (2013) मला तुफान आवडतो, ते पंचवीस मजली यंत्रमानव आणि कैजू नावाचे राक्षस यांची मारामारी मी कितीही वेळा बघेन. पण त्यात माझ्या मनात घर करून राहिलेली एकच गोष्ट आहे: उद्ध्वस्त रस्त्यात एक लाल बूट हातात धरून रडणारी छोटी माको. तेवढे क्षण 'क्रोनोस'वाल्याचे, बाकीचा सिनेमा खेळण्यांच्या दुकानाचा.

मितभाषी

बरं, विषय संपला नाही तर सविस्तर लिहितो.

'द शेप ऑफ वॉटर' (2017) दोन कोटी डॉलरांहून जरा कमी पैशांत झाला. 'पॅसिफिक रिम'च्या खर्चाच्या जवळजवळ दहावा हिस्सा. भाषा इंग्रजी, स्थळ 1962 चं बाल्टिमोर, चित्रीकरण टोरोंटोत. व्हेनिस महोत्सवात गोल्डन लायन, नंतर 13 ऑस्कर नामांकनं, त्यांतली 4 मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन धरून. तेव्हा भाषेचा मुद्दा बाद.

देल तोरोने लहानपणी 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' पाहिला तेव्हा त्याला वाटलं होतं की त्या पाणप्राण्याला ती मुलगी मिळायला हवी. मिळाली नाही. पुढे मोठं झाल्यावर त्याने ती मिळवून दिली. याहून सच्चं कारण सिनेमा काढायला कुठलं हवं?

आणि रातवा, तुम्हाला हवा तसा प्रसंग: बसच्या खिडकीला टेकून बसलेली नायिका एलायझा, काचेवर पावसाचे दोन थेंब, ती बोटाने त्यांचा पाठलाग करते, थेंब एकमेकांभोवती फिरतात आणि एक होतात. ती मुकी आहे, प्रियकराला मानवी भाषा नाही. मग इंग्रजी की स्पॅनिश हे विचारायचं कुणाला?

गोधडी

मितभाषी, तुम्ही नाव बदला आता.

तो थेंबांचा प्रसंग मात्र निर्विवाद सुंदर.

धुकं

या चर्चेत एक मोठी बाजू राहतेय: न झालेले सिनेमे. देल तोरोची कारकीर्द मोजताना ते धरलेच पाहिजेत, कारण त्याच्या आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांत गेलीत.

'द हॉबिट'साठी तो 2008 ते 2010 न्यूझीलंडला जाऊन राबला. चित्रं, प्राणी, पटकथा, सगळं चालू होतं. एमजीएम ही चित्रपट कंपनी आर्थिक गाळात रुतली, चित्रीकरणाची तारीख पुढे पुढे ढकलली गेली आणि शेवटी तो बाहेर पडला. मग पीटर जॅक्सननेच ते केले.

तिथून निघाला तो 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'कडे. भयकथाकार लव्हक्राफ्टची अंटार्क्टिकावरची कादंबरी, त्याचं जुनं स्वप्न. कॅमेरॉन निर्माता, टॉम क्रूझ नायक म्हणून ठरत आलेला. पण 15 कोटी डॉलर खर्च आणि वर फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, हे गणित युनिव्हर्सलला झेपलं नाही आणि 2011 मध्ये तो थांबला. भय पातळ करून लहानांनाही चालेल असं कर म्हटलं असतं तर कदाचित झालाही असता. त्याने ते मानलं नाही. तिसरा 'हेलबॉय'सुद्धा तसाच राहिला.

मला हे वाचताना त्रास होतो, कारण त्याच्या वह्या पाहिल्यात (त्यांचं पुस्तक निघालंय). बारीक अक्षर, बाजूला लाल-तपकिरी शाईत प्राणी. 'पॅन्स लॅबिरिंथ'ची वही तो लंडनमध्ये टॅक्सीत विसरला होता, चालकाने शोधत येऊन परत केली. त्या सिनेमासाठी आपण सगळे त्या चालकाचे ऋणी आहोत.

बोकोबा

धुकं, यादीत 'सायलेंट हिल्स' हा गेमही घाला. गेम बनवणारा हिदेओ कोजिमा आणि देल तोरो एकत्र, 2014 मध्ये त्याचा 'पी.टी.' हा छोटा नमुना आला. एकच बोळ, पुन्हा पुन्हा तोच बोळ, दर फेरीला काहीतरी बदललेलं. मी दिवे लावून खेळलो, तरी घाम फुटला. पुढच्याच वर्षी कोनामी या गेम कंपनीने तो बंद केला. नंतर कोजिमाने 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये देल तोरोचा चेहराच एका पात्राला दिला.

सावरी

उशिरा आले, पण सगळे प्रतिसाद वाचले. भाषा, पैसा, मोकळीक हे तिन्ही मुद्दे बरोबर असूनही मला पुरेसे वाटत नाहीत. माझ्या मते देल तोरोचा सिनेमा कधी त्याचा असतो हे ओळखायची वेगळी खूण आहे: कुणीतरी 'नाही' म्हणतं का?

हेसूस ग्रिसला शेवटी नातीच्या रक्ताची तहान लागते. ती पोर आउरोरा, सिनेमाभर जवळजवळ अबोल, समोर उभी आहे. तो अमर होऊ शकतो. तो ते यंत्र फोडतो. ओफेलियाला फॉन सांगतो, तान्ह्या भावाचं थोडंसं रक्त दे, राज्य तुझं. ती देत नाही. त्याच सिनेमातला डॉक्टर विदालचा हुकूम मोडतो, का मोडलास विचारल्यावर तो जे सांगतो त्याचा अर्थ असा की, विचार न करता आज्ञा पाळणं हे तुमच्यासारख्यांनाच जमतं. आणि पाठ करून शांतपणे चालू लागतो, गोळी येणार हे माहीत असून.

आता 'पिनोकिओ' (2022) बघा. इंग्रजीत, नेटफ्लिक्सच्या पैशांनी, तेही बाहुल्यांचा. मार्क गुस्ताफसनबरोबर मिळून केलेला. 2008 मध्ये घोषणा झाली आणि कितीतरी वर्षं पैसे द्यायला कुणी तयार होईना. मूळ गोष्टीत पिनोकिओ आज्ञाधारक झाला की खरा मुलगा होतो. देल तोरोने गोष्ट मुसोलिनीच्या इटलीत नेली. जिथे सगळेच आज्ञाधारक आहेत, हात वर करून सलाम ठोकताहेत, तिथे हा लाकडी पोरगा ऐकत नाही हेच त्याचं माणूसपण ठरतं. मौजमजेच्या बेटाच्या जागी मुलांना सैनिक बनवणारी छावणी आहे.

चर्चमधला प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. गावकरी पिनोकिओला बघून घाबरतात, सैतान म्हणतात. नंतर तो आपल्याला घडवणाऱ्या जेपेटोला क्रूसावरचा येशू दाखवून विचारतो, तोही लाकडाचाच आहे, मग तो सगळ्यांना आवडतो आणि मी का नाही? तो येशूही जेपेटोनेच कोरलेला. म्हातारा काय उत्तर देणार! देल तोरोची आजी कट्टर कॅथलिक होती. या मुलाला राक्षसांची चित्रं काढताना बघून तिने त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडून भूत उतरवायचा प्रयत्न केला होता, हे त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे तो प्रश्न कुणी कुणाला विचारला हे वेगळं सांगायला नको.

'ब्लेड 2' आणि 'पॅसिफिक रिम' मजेदार आहेत, पण तिथे हुकूम पाळूनच जग वाचतं. म्हणून ते मनात खोल उतरत नाहीत, असं मला वाटतं.

हातमाग

सावरी, काय लिहिलंत! वाचनखूण साठवली.

'हेलबॉय' तुमच्याच बाजूने साक्ष देईल. 2004 च्या सिनेमात त्याचं विधिलिखितच जगाचा नाश करणं आहे. शिंगं वाढतात, डोक्यावर मुकुटासारखी आग. आणि तो ती शिंगं स्वतःच्या हाताने मोडतो. नंतरही रोज सकाळी ती घासून बुंधे करणं चालूच, दाढी करावी तसं.

दुसऱ्या भागात (2008) तर उलट. शहरात एक प्रचंड वनदेवता उगवते, तिच्या जातीतली शेवटची. प्रिन्स नुआदा हेलबॉयला म्हणतो, विचार कर, तीही तुझ्यासारखीच आहे. तो थबकतो, पण गोळी झाडतो. हिरवं रक्त सांडतं आणि डांबरी रस्त्यावर, मोटारींवर शेवाळ, गवत, फुलं उगवत जातात. ज्यांना वाचवलं ते लोक आभार मानायचं सोडून त्याच्यावरच ओरडतात. रातवा, तुम्हाला हवा असलेला इंग्रजीतला प्रसंग हा घ्या. तोही चक्क सुपरहिरोच्या सिनेमात.

गोधडी

सावरीची कसोटी मला आवडली आणि तिच्यामुळेच 'नाइटमेअर अ‍ॅली' (2021) नव्याने कळला. त्यात राक्षसच नाही म्हणून मी तो देल तोरोचा धरतच नव्हते. पण तो उलटा काढलेला सिनेमा आहे. नायक स्टॅन कधीच थांबत नाही. एकेक पायरी खाली उतरत जातो आणि शेवटी जत्रेत जिवंत कोंबड्यांची मुंडी चावणाऱ्या माणसाची जागा त्याला देऊ करतात. तो हसतो, रडतो आणि हो म्हणतो. ब्रॅडली कूपरचा तो चेहरा! माझी माणसांबद्दलची तक्रार या एका सिनेमापुरती तरी मी मागे घेते, बाकीच्यांची कायम.

रातवा

मूळ प्रश्नाकडे येतो. हातमाग, वनदेवतेचा प्रसंग रात्री पुन्हा पाहिला. मान्य, तो माझ्या यादीत चढला. पावसाचे थेंबही चढले.

तरी एक सांगतो. स्पॅनिश सिनेमांत 'नाही' म्हणण्याची किंमत पूर्ण भरावी लागते. ओफेलिया गोळी खाते, ग्रिस पहाटेच्या उन्हात संपतो. इंग्रजीत 'नाही' म्हणणाऱ्याला तो हळूच वाचवतो. एलायझाच्या मानेवरच्या वणांना कल्ले फुटतात, हेलबॉय धडधाकट निघून जातो, 'फ्रँकेनस्टाइन'मधला प्राणी बर्फावर सूर्याकडे तोंड करून उभा राहतो. वयाने मृदू झाला की प्रेक्षकाची काळजी घेऊ लागला ते मला ठरवता येत नाही. पण माझी पसंती अजून किंमत वसूल करणाऱ्यालाच.

नवखी

मी यातलं काहीच पाहिलं नाहीये, पण धागा वाचून राहवत नाहीये. भुतांना घाबरते. सुरुवात कुठून करू?

पारवा

नवखी, 'पिनोकिओ'पासून करा, मग 'शेप ऑफ वॉटर'. ते पचले की 'डेव्हिल्स बॅकबोन'. त्यातलं भूत घाबरवतं खरं, पण थोड्या वेळाने तुम्हाला त्याची काळजी वाटायला लागेल आणि जिवंत माणसांची भीती. 'पॅन्स लॅबिरिंथ' शेवटी ठेवा. परीकथा समजून लहान मुलांना शेजारी बसवू नका, बाटलीने चेहरा ठेचण्याचा एक प्रसंग मोठ्यांनाही सहन होत नाही.

गोधडी

रातवा, 'फ्रँकेनस्टाइन'चं नाव काढलंतच तर माझं भांडण ऐका. मेरी शेलीच्या कादंबरीत तो प्राणी खरोखर खून करतो, निरपराध मुलालाही सोडत नाही, आणि तरी आपल्याला त्याची कणव येते. हे फार अवघड काम तिने करून दाखवलं. देल तोरोने एलिझाबेथला लागणारी गोळी प्राणी घडवणाऱ्या व्हिक्टरच्याच हातात दिली. जेकब एलॉर्डीचा प्राणी इतका निर्मळ करून ठेवला की त्याच्यावर माया करायला कष्टच पडत नाहीत. जीव लावला तो लावला, पण त्याचे अपराध तरी त्याच्याकडे राहू द्यायचे होते!

सावरी

गोधडी, अर्धं मान्य. अपराध कमी केले हे खरं. पण त्याने एक जास्तीची शिक्षाही दिली, ती तुम्ही मोजत नाही आहात. या प्राण्याला मरताच येत नाही. गोळ्या लागतात, स्फोट होतो, जखमा भरून येतात. कादंबरीत तो चितेवर जाण्याची भाषा करून अंधारात निघून तरी जातो. इथे ती वाट बंद आहे. म्हणून तो जोडीदार मागतो, कारण एकट्याने अनंतकाळ काढायचा आहे. अशा जिवाने व्हिक्टरला माफ करणं मला सोपं वाटत नाही. बापावर सूड घ्यायला त्याच्याकडे सगळा काळ पडला होता आणि त्याने तो घेतला नाही. रातवा, तुम्ही वाचवलं म्हणता ते यालाच का?

आणि देल तोरोने लहानपणी बोरिस कार्लोफचा 1931 चा 'फ्रँकेनस्टाइन' पाहिला तेव्हा त्याला त्या प्राण्यात संत दिसला होता. तेव्हापासून त्याला हा सिनेमा करायचा होता. त्याने खुनी काढला असता तर तो शेलीच्या जास्त जवळ गेला असता, पण त्या मुलाने जे पाहिलं होतं त्यापासून लांब.

गोधडी

हं. कादंबरी पुन्हा वाचते, सिनेमा पुन्हा बघते आणि मग येते भांडायला. धागा वर ठेवा.